एक घोडा, दोन शिंगरं

स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू या दोन निरनिराळ्या वस्तू असतात, हे साऱ्या जगाने केव्हाच मुकाट्याने मान्य केलं आहे. मान्य केलं नाही ते फक्त आमच्या साडभाऊंनी. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि गेली तीस वर्षं ते अशा वस्तूच्या शोधात आहेत, जी विकताना दुकानदाराला रडू यावं इतकी स्वस्त आणि नातवाच्या लग्नात वापरता यावी इतकी टिकाऊ असेल. अशी वस्तू नसते असं म्हणणाऱ्याकडे ते दयेने पाहतात. "तुमी शोधलीच नाही बाप्पा," ते म्हणतात, "दुकानात गेले, पैसे देले, घरी आले. याले घेनं नाही म्हनत, याले लुटून येनं म्हन्तात." एकदा त्यांनी छत्री घ्यायची ठरवली. जूनमध्ये शोध सुरू झाला, सोळा दुकानं झाली, आणि छत्री घरी आली तेव्हा लोक दिवाळीचे आकाशकंदील लावत होते. चार महिने भिजत हिंडलेल्या या माणसाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी गड सर केल्याचं समाधान होतं. सांगायला वाईट वाटतं, पण ती छत्री अजून चालते.

स्टुडिओतल्या एकाही वस्तूला ते तिच्या खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. दिव्याचा उंच स्टँड म्हणजे बगळा. दिव्यावर चढवायची पांढऱ्या कापडाची पेटी म्हणजे गादी. उजेड परतवायची चंदेरी चकती म्हणजे परात. एका साखरपुड्यात त्यांनी घाईघाईत "ताई, परात द्या जरा इकडं" असं फर्मावलं आणि नवरीची आई स्वयंपाकघरातून कणीक मळायची परात पीठ झटकत घेऊन आली. साडभाऊंनी ती नाकारली नाही. उलट ती नवरीच्या हनुवटीखाली धरून फोटो काढला, आणि पितळेच्या त्या पिवळ्या उजेडात नवरी इतकी खुलली की पुढचा महिनाभर ते पितळी परात विकत घ्यायचं बोलत होते. गिऱ्हाइकाला हसा म्हणून ते कधीच सांगत नाहीत. "हसा म्हटलं का मानूस दात दाखोते, हसत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी ते अगदी गंभीरपणे विचारतात, "काय जेवले आज?" माणूस आठवायला लागतो, आणि आठवताना चेहऱ्यावरचं सगळं सोंग उतरतं. तेवढ्यात ते बटण दाबतात. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या ओळखपत्रांवरचे लोक वरण-भाकरीचा विचार करत आहेत, हे सरकारला माहीत नाही.

या सगळ्यात माझीही एक नोकरी होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. पण रविवारी मी त्यांच्या तारेवर असायचो. त्यांचे दिवे जुने. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की दिव्याला कळावं म्हणून दोघांच्या मध्ये एक लांब काळी तार असे, आणि ती जमिनीवर अशी पसरलेली असे की येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय तिच्यात अडकलाच पाहिजे. तिच्याशेजारी स्टुलावर बसायचं आणि दर पाच मिनिटांनी "पाय सांभाळा" म्हणायचं, हे माझं काम. चौदा वर्षं ते मी निष्ठेने केलं. एकदाच चहाला उठलो, तर भातकुलीकडच्या मंडळींच्या एका बारशात मुलाच्या आजोबांनी तार पायात घेतली, आणि बगळा गादीसकट आत्याबाईंच्या मांडीवर येऊन बसला. कोणाला लागलं नाही. पण त्या दिवशी साडभाऊंनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं माझ्या सासऱ्यांनीही कधी पाहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. स्टुडिओला उतरती कळा लागली होती. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, लग्नाचे फोटो नवरदेवाचे मित्रच काढू लागले, आणि साडभाऊंकडे पासपोर्टच्या फोटोपलीकडे काही राहिलं नाही. माझ्या मेहुण्याचं, म्हणजे आमच्या दोघांच्या बायकांच्या भावाचं, दर्यापूरला बियाण्या-औषधांचं कृषी केंद्र आहे. त्याने चांगल्या मनानेच प्रस्ताव ठेवला की भाऊंनी अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखजीला, स्टुडिओचं शटर ओढावं आणि त्याच्या काउंटरवर बसावं. साडभाऊ हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. आणि हा माणूस काहीच म्हणत नाही हे पाहून मला धडकी भरली. अशातच नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या एका कपड्यांच्या कारखान्याला आपल्या मालाचे फोटो हवे असल्याची बातमी आली. शर्ट, फ्रॉक, शाळेचे गणवेश. वर्षभर पुरेल इतकं काम. चैत्रात एक दिवस चाचणीचा, ज्याचे फोटो पसंत पडतील त्याला काम. अट एकच होती: कापडाने भरलेल्या ढकलगाड्या हॉलमध्ये सतत फिरतात, म्हणून दिव्यांची वीज भिंतीकडून घ्या, पण जमिनीवरून मध्ये एकही तार जाता कामा नये.

तार नको म्हणजे बिनतारी ट्रिगर हवा. एक तुकडा कॅमेऱ्यावर बसतो, बाकीचे दिव्यांना लागतात, आणि बटण दाबलं की हवेतून इशारा जाऊन दिवे उडतात, म्हणजे क्षणभर लखकन पेटतात. बंदुकीच्या ट्रिगरला आपण घोडा म्हणतो, तेव्हा साडभाऊंनी त्याचं नाव घोडा ठेवलं हे ओघानेच आलं. दिव्यांना लागणारे दोन तुकडे ती त्याची शिंगरं. "एक घोडा, दोन शिंगरं, स्वस्त आन् मजबूत," त्यांनी मला जाहीर केलं, "आखजीच्या आत. चाला मास्तर." ऑनलाइन मागवा, असं मी सुचवलं. त्यांनी कानांवर हात ठेवले. "तथी दाबून पाहू देते काय कोनी?"

पहिला घोडा बडनेऱ्याच्या एका निवृत्त फोटोग्राफरकडून जुना मिळाला. तो उत्तम उडायचा, फक्त साडभाऊंनी बटण दाबण्याची वाट पाहत नसे. स्टुडिओत कोणी नसताना एकदम दिवा लखकन उडायचा. आम्ही वायरिंग तपासलं, कूलर बंद करून पाहिला, ताईंनी, म्हणजे साडभाऊंच्या बायकोने, शेवटी लिंबू-मिरचीही बांधली. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी बिनतारी घंटी बसवली होती, आणि तिची नि आमच्या घोड्याची भाषा एकच होती. पेशंट घंटी वाजवे, खाली आमचा दिवा उडे. दुसरा कोणी तो घोडा परत करता, साडभाऊंनी चार दिवस नुसता हिशेब ठेवला आणि मग जिन्यात भेटलेल्या डॉक्टरांना कौतुकाने म्हणाले, "काल सतरा पेशंट झाले तुमचे, सायब. बरं चालून राहिलं." डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. हा माणूस प्राप्तिकर खात्याचा आहे या शंकेतून ते अजून पुरते बाहेर आलेले नाहीत.

मग आम्ही अकोल्याला गेलो. अकोल्याच्या बाजारात फोटोच्या सामानाचं एक दुकान आहे, आणि त्याचा मालक सहनशील म्हणून ओळखला जातो. आमच्या भेटीआधी तो किती सहनशील आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. साडभाऊंनी घोडा हातात घेतला, खिशातून तुरीच्या दाण्यांची पुरचुंडी काढली, मला एक स्टीलची वाटी दिली आणि काउंटरवर दिवा मांडला. ही त्यांची शंभराची परीक्षा. शंभर वेळा बटण दाबायचं. दिवा चुकला की मी वाटीत एक दाणा टाकायचा. दुकानात गर्दी, बाहेर ऊन, आणि आत हे दोन प्रौढ गृहस्थ, एक दाबतोय आणि दुसरा दाणा धरून वाट पाहतोय. चाळिशीला दुकानदाराचा धीर सुटला. "दादा, तुमी शंभर खेपा दाबसान तं माहा माल जुना होईन ना!" साडभाऊ शांतपणे म्हणाले, "भाऊ, लग्नात नवरदेव हार घालते तो एकदाच घालते. तवा हा चुकला तं मी त्याले पुन्हा घाल म्हनू काय?" दुकानदाराने चहा मागवला. शंभरात एकही दाणा पडला नाही, म्हणून तो घोडा आम्ही आणला. घरी आल्यावर त्याचा दोष कळला. मिनिटभर कोणी दाबलं नाही की तो झोपायचा, आणि झोपेतून उठतानाचा पहिला फोटो काळा यायचा. दुकानात सलग शंभर दाबल्यामुळे बिचाऱ्याला झोपायला सवडच मिळाली नव्हती. परीक्षेतली ही खोट साडभाऊंना इतकी लागली की त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

तो घोडा परत करायला आम्ही एसटीने पुन्हा अकोल्याला निघालो. गाडी भरलेली, साडभाऊ त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे ड्रायव्हरलाही ऐकू जाईल अशा, मला सांगत होते, "खायाले लय कमी लागते याले, पर मधातच झोपते. उठवाव लागते. आधीचा तं त्याच्याहून बेकार, कोनी घंटी वाजवली का उडे." समोरच्या सीटवरच्या पांढऱ्या टोपीवाल्या गृहस्थांनी मान वळवली. "बुजरा असंन," ते म्हणाले.

"बुजराच," साडभाऊ म्हणाले. "घोडा कसा पाह्यजे? आपुन म्हटलं तवाच उडला पाह्यजे."

"लग्नासाठी पाह्यजे काय?"

"लग्नाले, बारशाले. आता एका कारखान्यात न्याचा हाये."

टोपीवाले क्षणभर विचारात पडले. कारखान्यात घोडा कशाला, हे त्यांनी सभ्यपणे विचारलं नाही. "माह्या मामेभावाकडं मूर्तिजापूरले घोडी हाये एक. लय गरीब. बँड वाजो, फटाके फुटो, जागची हालत नाही."

"घोडी?" साडभाऊंचे डोळे चमकले. हे नवीन मॉडेल त्यांनी ऐकलेलं नव्हतं. "शिंगरं संग येतीन काय? मले दोन लागतात. एक उजवीकडं ठेवाव लागते, एक डावीकडं."

"शिंगरू एकच हाये सध्या," टोपीवाले खेदाने म्हणाले. "पर तुमी पाहून तं घ्या. पत्ता सांगा, बुधवारी धाडूनच देतो."

साडभाऊंनी पत्ता दिला. मी शेजारीच बसलो होतो. मला पहिल्या वाक्यापासून सगळं कळलं होतं, तोंड उघडून एका शब्दात मी ते सावरू शकलो असतो; पण असा योग आयुष्यात पुन्हा येणार नाही हेही मला कळत होतं, म्हणून मी खिडकीतून बोरगाव मंजूच्या बाजूची शेतं पाहत राहिलो. पुढे जे झालं त्याचं निम्मं पाप माझ्याकडे आहे.

अकोल्याच्या दुकानदाराने आम्हाला लांबून पाहिलं आणि आपण होऊन नवा डबा काढून ठेवला. हा तिसरा घोडा. दिसायला अगदी साधा, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, किंमत त्या झोपाळूपेक्षाही कमी. सोळा चॅनल होते, म्हणजे एका वाटेवर कोणाची अडचण आली तर दुसऱ्या वाटेने जाता येत होतं. साडभाऊंनी परीक्षा सुधारली होती. शंभर वेळा दाबायचं, पण मध्ये मध्ये पाच मिनिटं थांबायचं. आम्ही सकाळी अकराला बसलो ते दुपारी तीनला उठलो. वाटी रिकामी राहिली. दुकानदार हात जोडून म्हणाला, "दादा, हा घेऊनच जा. याचे पैसे नाही देले तरी चालीन." पैसे दिले, अर्थातच, पण कोणी एवढी मोठी सूट देऊ केल्याचा आनंद साडभाऊंना मूर्तिजापूरपर्यंत पुरला.

आणि बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, स्टुडिओसमोर घोडी उभी राहिली. पांढरी, कपाळावर मण्यांची झालर, सोबत करड्या रंगाचं एक शिंगरू आणि टोपीवाल्यांचा मामेभाऊ. दहा मिनिटांत सगळा रस्ता जमला. दातांचे डॉक्टर जिन्यात येऊन थांबले. साडभाऊ बाहेर आले, त्यांनी घोडीकडे पाहिलं, शिंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमाले मालूम होतं." मी खोटं बोललो नाही. त्यांना राग यायला हवा होता. पण एवढ्या लांबून टेम्पोत घोडी घालून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, याची त्यांना जास्त काळजी पडली. त्यांनी दोन्ही दिवे बाहेर मांडले, नवा घोडा कॅमेऱ्यावर चढवला, आणि रस्त्याच्या कडेला घोडी, शिंगरू आणि मालक यांचा फोटो काढला. "काय जेवले आज?" त्यांनी मालकाला विचारलं. मालक आठवू लागला. दिवे उडाले, घोडी खरोखरच जागची हालली नाही, आणि रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडभाऊंनी मोठा फोटो छापून फ्रेमसकट दिला आणि जेवू घालून पाठवलं.

पण मूर्तिजापूरहून दर्यापूर काही लांब नाही. दुसऱ्या दिवशी ताईंना माहेरून फोन आला. जावईबापूंनी फोटोचा धंदा सोडून वरातीला घोडा भाड्याने द्यायचा धंदा काढला, हे खरं काय? ताई आजवर नवऱ्याच्या बाजूने उभ्या होत्या. छत्रीच्या सोळा दुकानांच्या वेळी होत्या, तुरीच्या दाण्यांच्या वेळी होत्या. त्या दिवशी मी गेलो तर त्या माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या होत्या. "मले हसू येऊन नाही राह्यलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हन्तात याचं नाही. यायनं हे शटर ओढलं तं हा मानूस काउंटरवर बसून गप होऊन जाईन. मले गप मानूस नाही पाह्यजे घरात." त्या वळल्या तेव्हा डोळे ओले होते. आखजीला वीस दिवस राहिले होते, चाचणीला नऊ. साडभाऊंनी हे दारातून ऐकलं.  त्यांनी वाटी आणि पुरचुंडी पिशवीत टाकली.

चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही नांदगाव पेठला गेलो. त्यांनी आधीच परवानगी काढून ठेवली होती. कारखान्याचा हॉल प्रचंड. एका बाजूला शिवणयंत्रांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला संगणकावर चालणारी भरतकामाची यंत्रं, छताला इंटरनेटच्या पांढऱ्या डब्या. साडभाऊंनी दिवा मांडला आणि पहिल्या चॅनलवर परीक्षा सुरू केली. माझ्या वाटीत टणटण दाणे पडू लागले. अकोल्यात एकही न चुकणारा घोडा इथे शंभरात तेवीस वेळा चुकला.  साडभाऊंनी दाणे परत पुरचुंडीत टाकले आणि दुसरं चॅनल लावलं. मग तिसरं. त्या डब्यांच्या आणि यंत्रांच्या गलक्यात आमच्या घोड्याला आपला मालक ऐकू येत नव्हता, आणि शांत वाट शोधायला सोळा वेळा शंभर एवढाच उपाय होता. बाराव्या चॅनलला वाटीत काही पडलं नाही. त्यांनी पुन्हा शंभर दाबले. नाहीच पडलं. मान वर केली तर कारखान्याच्या मॅनेजर बाई उभ्या होत्या. चष्मा, कमरेला चाव्या, हातात पट्टी. त्या किती वेळ पाहत होत्या कोण जाणे. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. साडभाऊंनी सांगितलं. बाईंनी वाटीत डोकावून पाहिलं, हं म्हणाल्या आणि निघून गेल्या.

चाचणीच्या दिवशी सकाळची वेळ नागपूरच्या एका मोठ्या स्टुडिओची होती. तीन माणसं, स्वतःची गाडी, आणि आमच्या घोड्याच्या दहापट किमतीचा घोडा. आम्ही भिंतीशी बसून पाहत होतो. त्यांचे दिवे चुकू लागले. एक फोटो उजळ, दोन काळे, पुन्हा एक उजळ. त्यांनी सेल बदलले, वायरमनला बोलावलं, विजेला शिव्या दिल्या. गणवेश घालून उभी केलेली पोरं कंटाळली. मला मनातून जे झालं ते कबूल करतो: मी सुखावलो. आणखी अर्धा तास असाच गेला असता तर काम आमचं होतं, शटर वर राहिलं असतं, आणि ताई हसल्या असत्या. तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. साडभाऊ उठून सरळ त्या नागपूरकरांकडे गेले आणि म्हणाले, "भाऊ, घोडा मेला नाही. चॅनल बदला. बाराच्या आसपास पाहा, तथी शांत हाये." त्यांनी चॅनल बदललं. दिवे धडाधड उडू लागले. दुपारपर्यंत त्यांचे फोटो उत्तम निघाले.

"काहून सांगतलं?" मी दात-ओठ खात विचारलं. रागाने माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघाली.

"काळे फोटो पाहवले नाही मले," ते म्हणाले. "कोनाचे का असेना." आणि बगळे मांडायला गेले.

दुपारी आमची पाळी. तसं काम मी त्यांचं चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. ढकलगाड्या दोन बगळ्यांच्या मधून सुळसुळत जात होत्या, आणि साडभाऊ मोकळ्या जमिनीवर चहूकडे फिरत होते. पुढे जात, मागे येत, एकदा तर चक्क पालथे पडले. आजवर ते तारेच्या लांबीएवढेच हिंडले होते, हे मला त्या दिवशी कळलं. "काय जेवली गं?" त्यांनी फ्रॉकमधल्या एका मुलीला विचारलं. "मॅगी!" ती ओरडली, आणि तो फोटो असा आला की भरतकाम करणाऱ्या बायका यंत्रं सोडून पाहायला आल्या. दिवा एकदाही चुकला नाही. एकदाही नाही. शेवटचा शर्ट झाला तेव्हा माझ्या हातातली वाटी रिकामी होती आणि मला ती डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटत होतं.

मॅनेजर बाईंनी दोघांचे फोटो संगणकावर शेजारी शेजारी लावून पाहिले. बराच वेळ पाहिले. नागपूरचे फोटो खरंच चांगले होते, मी पाहिले होते. मग त्या साडभाऊंकडे वळल्या. "फोटो दोघांचे मला चालतील," त्या म्हणाल्या. "पण मी बारा वर्षं इथे एकच काम करते आहे. प्रत्येक गठ्ठ्यातले शंभर नग काढते, तपासते आणि खराब असेल तो बाजूला ठेवते. लोक मला हसतात. माझ्याशिवाय शंभर तपासणारा माणूस मी काल पहिल्यांदा पाहिला. काम तुमचं."  काय करावं ते न कळून साडभाऊंनी खिशात हात घातला आणि पुरचुंडीच बाहेर काढली. नागपूरच्या म्होरक्याने पुढे येऊन त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "काका, हा घोडा कुठं मिळते?" साडभाऊंनी अकोल्याच्या दुकानाचा पत्ता दिला, आणि वर बजावलं, "शंभर खेपा दाबा. मधात थांबून."

त्या संध्याकाळी ताईंनी आम्हा दोघांना ओवाळलं. दर्यापूरला फोन त्यांनी स्वतः लावला, आणि भावाला काय सांगितलं ते सगळं मी लिहीत नाही. एवढंच लिहितो की "माह्या नवऱ्यानं घोडा घेतला, हो, घेतला, आन् जितला बी" हे वाक्य शेजारच्या तीन घरांत ऐकू गेलं. मेहुण्याचंही मन मोठं. आखजीला तो पुरणपोळ्यांचा डबा घेऊन स्टुडिओतच आला, आणि कृषी केंद्राच्या नव्या पाटीसाठी बियाण्यांच्या पिशव्यांचे फोटो काढून घेऊन गेला. साडभाऊंनी पिशवीला काय जेवली ते विचारलं नाही, पण मोह झाला असावा.

आता काम भरपूर आहे. रविवारीसुद्धा असतं. आणि चाचणीनंतरच्या पहिल्या रविवारी मी सवयीने दहा वाजता चपला घालू लागलो, तर बायकोने विचारलं, "तिथे जाऊन तुम्ही आता करता काय?" मी चपला परत काढल्या. जमिनीवर अडखळण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, मग पाय सांभाळा म्हणायचं कोणाला? चौदा वर्षांची माझी नोकरी ज्याने घालवली, तो घोडा दोन महिने उन्हातान्हात हिंडून मीच त्यांच्यासोबत निवडला होता. मला आनंद आहे, अगदी मनापासून आहे. पण रविवार फार मोठा झाला. तीन रविवार मी घरीच पेपर तपासले.

चौथ्या रविवारी त्यांचा फोन आला. "मास्तर, काहून येऊन नाही राहिले?"

"माझं काय काम आहे आता तिथे, भाऊ?"

 हा माणूस खोटं बोलणार नाही, हे मला माहीत होतं. "काम तं काईच नाही," ते म्हणाले. "या. बसा नुसते."

मी गेलो. तेव्हापासून दर रविवारी जातो आणि काही न करता बसतो. ते कामात असतात, मान वर करायला त्यांना सवड नसते. दोन-तीन तास असेच जातात आणि मी उठतो. दारापर्यंत पोचवायला येतात तेव्हा मात्र घाम पुसत म्हणतात, "बरं झालं आले. चार गोष्टी झाल्या." एकही झालेली नसते. मी हो म्हणतो.